झडपांचें वेळापत्रक

वाङ्मयाच्या मासिकांत फटफटीच्या इंजिनाची गोष्ट निघालेली पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु कोणता ग्रंथ विकत घ्यावा, मुलास कोणत्या शाखेंत घालावें, उतारवयांत कोणत्या गांवीं राहावें, यांची चर्चा जर सभ्य समजली जाते, तर रस्त्यावर रोज चालणाऱ्या फटफटीस कोणता कॅमशाफ्ट बसवावा या प्रश्नानेंच काय पाप केलें आहे? आमच्या मतें तर आपणांस नेमकें काय हवें आहे हें मनुष्यास किती थोडें ठाऊक असतें, तें ज्या थोड्या निवडींत स्पष्ट दिसून येतें त्यांपैकीं ही एक होय.

प्रथम विषयाची ओळख करून देणें अवश्य आहे. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण सिलिंडरांत ओढावयाचें, तें दाबावयाचें, पेटवावयाचें, आणि जळालेला वायु बाहेर टाकावयाचा, अशीं चार कामें पिस्टन आपल्या चार खेपांत करीत असतो, व तेवढ्यांत क्रँकचे दोन फेरे पुरे होतात. मिश्रण आंत येण्यास एक झडप, धूर बाहेर जाण्यास दुसरी. आणि या दोहोंनीं केव्हां उघडावें, किती उघडावें व केव्हां मिटावें, हें ठरविणारा अधिकारी म्हणजे कॅम. एका अंगास फुगवटा असलेलें हें लहानसें पोलादी चाक क्रँकच्या निम्म्या गतीनें फिरतें. फुगवटा टॅपेटखालीं आला कीं टॅपेट वर उचलला जातो, त्यावरील पुशरॉड रॉकरचें एक टोंक उचलतो, आणि रॉकरचें दुसरें टोंक झडपेस खालीं दाबतें. फुगवटा सरला कीं स्प्रिंग झडप मिटविते. प्रत्येक महाविद्यालयांत सूचनाफलकावर वेळापत्रक लागतें, तेंच हें. भेद इतकाच कीं, हें पोलादांत घडविलेलें असल्यामुळें सत्राच्या मध्यें त्यांत फेरफार करितां येत नाहीं.

आमची गाडी बुलेट, ३५० ची, जुन्या बिडाच्या इंजिनाची. इंग्लंडांतील रेडिच येथील मूळ नमुन्यावरून या गाड्या आपल्याकडे करण्यासाठीं १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि इंग्लंडांतील धंदा बंद पडल्यावरही मद्रासेंतून त्या निघतच राहिल्या. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची खेप ९० मिलिमीटर, घनमान ३४६ घन सेंटिमीटर. व्यासापेक्षां खेप एवढी लांब असलेलें इंजिन स्वभावतःच धीमें असतें. या गाडींत कॅम एक नसून दोन आहेत: आंतल्या झडपेचा निराळा, बाहेरच्या झडपेचा निराळा, आणि दोन्ही उजव्या हाताच्या झांकणामागें दांतेरी चाकांनीं फिरतात. आम्ही नोकरींत कायम झालों त्या वर्षीं, म्हणजे १९९६ सालीं, ही गाडी घेतली, आणि तेव्हांपासून साताऱ्यास घर ते महाविद्यालय व सुटीच्या दिवशीं वाईवरून पसरणीचा घाट चढून पांचगणी, असा तिचा नेम चालत आला आहे.

गेल्या पावसाळ्यापूर्वीं त्या झांकणामागून एक कोरडी टकटक ऐकूं येऊं लागली. मिस्त्रींनीं झांकण उघडलें, तों दोन्ही कॅमच्या फुगवट्यावरील कठीण थर झिजून तेथें बारीक खड्डे पडलेले दिसले. हा वयाचा धर्म होय. त्यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. नवे कॅम घेणें प्राप्तच होतें. मात्र होते तसेच घ्यावे कीं जोराचे घ्यावे, असा प्रश्न उद्भवला. उद्भवला म्हणण्यापेक्षां आमच्या चिरंजीवांनीं तो उपस्थित केला. चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास आहेत, आणि नोकरीस लागल्यावर गाडी त्यांनींच न्यावी असें घरांत ठरलेलें असल्यामुळें त्यांच्या शब्दास वजन होतें. परदेशांतील सूचिपत्रें पाहून त्यांनीं तीन जोड्या आमच्यापुढें मांडल्या: एक मूळच्यासारखी, एक किंचित् तेज, आणि एक जवळजवळ शर्यतीची. त्यांचा कल कोणीकडे होता हें सांगावयास नकोच.

आतां या तिहींत भेद तो काय? झडप किती उघडते यास आपण उचल म्हणूं, व किती काळ उघडी राहते यास अवधि म्हणूं. अवधि घड्याळानें मोजीत नाहींत, क्रँकच्या अंशांनीं मोजतात. समजा, पिस्टन वरच्या टोंकास पोंचण्यापूर्वीं ३० अंश आंतली झडप उघडली, आणि तो खालच्या टोंकाहून परत फिरल्यावर ६० अंशांनीं मिटली. तर मधले १८० धरून अवधि २७० अंशांचा झाला. मिनिटास ३,००० फेरे या गतीनें हे २७० अंश सेकंदाच्या हजार भागांपैकीं १५ भागांत संपतात. ६,००० फेऱ्यांस अवघ्या साडेसात भागांत. एवढ्या अल्पावकाशांत सिलिंडर भरावयाचें आहे. हवेलाही वजन असतें. ती एकदम निघत नाहीं, आणि एकदां निघाली म्हणजे एकदम थांबतही नाहीं. वेगानें येणारा प्रवाह पिस्टन वर फिरल्यानंतरही आपल्या ओघानें आंत शिरतच राहतो. म्हणून झडप उशिरां मिटविण्यांत लाभ असतो. गति जितकी अधिक, तितका ओघ मोठा व तितका अधिक उशीर फलदायी. जोराच्या कॅमचें इंगित बहुतांशीं या उशिरांत आहे.

परंतु वेगांत जो उशीर तारतो, तोच मंद गतीस मारतो. प्रवाहांत ओघ नसला म्हणजे वर येणारा पिस्टन नुकतेंच घेतलेलें मिश्रण उघड्या झडपेंतून कार्ब्युरेटरकडे परत लोटतो. आम्हीं कागद घेऊन हिशेब केला. झडप ६० अंशांनीं मिटली तर ९० मिलिमीटरांच्या खेपेपैकीं सुमारें १८ मिलिमीटर अंतर पिस्टनानें दाबाविना काटलेलें असतें. ८० अंशांनीं मिटली तर सुमारें ३०. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश खेप दाबण्याच्या कामीं फुकट गेली. हा तोटा भरून काढण्यासाठीं अधिक दाबाचा पिस्टन घ्यावा, असें सूचिपत्रें सांगतात. मग त्यास शोभेसा मोठा कार्ब्युरेटर हवा, मोकळा सायलेन्सर हवा, कडक स्प्रिंगा हव्यात. घोडा घेतला कीं खोगीर आलें, आणि खोगीर आलें कीं मोतद्दार आला!

याशिवाय संधिकाळाचा एक प्रश्न आहे. धुराची झडप पुरती मिटण्यापूर्वींच आंतली उघडूं लागते, आणि क्षणभर दोन्ही दारें किलकिलीं असतात. वेगांत असतां बाहेर धांवणारा धूर नव्या मिश्रणास आपल्यामागें ओढून घेतो, म्हणून हा संधिकाळ तेथें उपकारक होतो. गाडी चौकांत नुसती उभी असली म्हणजे मात्र धूर आंतल्या वाटेवर घुसतो, कांहीं मिश्रण न जळतांच निसटून जातें, आणि इंजिन धाप लागल्याप्रमाणें अडखळूं लागतें. प्रदूषणाच्या दाखल्यासाठीं पेट्रोलच्या दुचाकीचा धूर तपासतात तो गाडी अशी उभी असतांनाच, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आणि बुलेटच्या धन्यास उभ्या गाडीचा तो संथ, एकेक ठोका मोजतां येईल असा आवाज किती प्रिय असतो, हें ज्यांनीं ती बाळगली आहे त्यांस सांगण्याची गरज नाहीं. लांब अवधीच्या कॅमनें प्रथम बळी जातो तो त्या ठोक्याचा.

निवडीचा हा प्रश्न आजचा नव्हे. बी. एस. ए. कंपनीच्या गोल्ड स्टार गाडीची कथा या बाबतींत बोधप्रद आहे. १९३७ सालीं ब्रुकलंड्सच्या वर्तुळमार्गावर वॉल हँडली यानें बी. एस. ए. च्या गाडीवर ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगाचा फेरा मारून सोन्याचा तारा मिळविला, व दुसऱ्याच वर्षीं त्या ताऱ्याचें नांव घेऊन गाडी बाजारांत आली. महायुद्धानंतर तिची खुबी अशी होती कीं, गिऱ्हाइकानें आपला हेतु सांगावा आणि कारखान्यानें त्याप्रमाणें कॅम, दाबाचें प्रमाण व गिअर बसवून द्यावे: प्रवासास निराळे, चिखलमाती तुडविण्यास निराळे, शर्यतीस निराळे. यांतील क्लबमन नांवाचा शर्यतीचा घाट सर्वांत कीर्तिमान् झाला, आणि १९६३ सालीं गाडी बंद झाल्यावरही लोक त्याच्याच आठवणी काढीत राहिले. परंतु त्याच्या शर्यतीच्या कार्ब्युरेटरास गाडी उभी असतां इंजिन चालूं ठेवण्याची सोयच नव्हती. आणि पहिला गिअर इतका लांब कीं, गर्दींतून क्लच अर्धवट धरूनच पुढें सरकावें लागे. कारखान्यानें गिऱ्हाइकास फसविलें, असें यावरून कोणी म्हणूं नये. त्यानें प्रश्न विचारला होता. उत्तर देणाऱ्यानें आपली रोजची वाट सोडून स्वप्नांतली वाट सांगितली असेल, तर त्यास कारखाना काय करणार?

सूचिपत्रांचे आंकडेही असेच सावधपणें वाचावे लागतात. झडप जागेवरून हालूं लागल्या क्षणापासून अवधि मोजला तर तो मोठा दिसतो. ती एक मिलिमीटर उचलल्यानंतर मोजला तर तोच कॅम गरीब दिसूं लागतो. दोन विक्रेत्यांचीं मापें दोन ठिकाणांहून घेतलेलीं असलीं तर त्यांची तुलना व्यर्थ होय. दुसरें असें कीं, शक्तीचा आंकडा हा इंजिनाची ओढ व त्याचे फेरे यांचा गुणाकार असतो. ओढ तिळमात्र न वाढवितां तीच जर चार हजारांवरून सहा हजार फेऱ्यांवर नेऊन ठेविली, तर शक्ति दीडपट झाल्याचें छापतां येतें. आणि तें खोटेंही नसतें. मात्र घाटाच्या वळणावर, दोन हजार फेऱ्यांस, पाठीशीं बसलेल्या मनुष्यासह गाडी चढवितांना तो दीडपटीचा आंकडा कोणाच्याही मदतीस येत नाहीं.

म्हणून आम्हीं एक साधा उपाय योजिला. जुने कॅम अगदींच निकामी झाले नसल्यामुळें मिस्त्रींनीं महिनाभर संभाळून चालविण्यास मोकळीक दिली होती. मागच्या चाकाचा घेर मोजला, दांतेरी चाकांचे दांत मोजले, आणि प्रत्येक गिअरमध्यें कोणत्या वेगास इंजिनाचे किती फेरे होतात याचें कोष्टक मांडलें. चौथ्या गिअरमध्यें ताशीं ६० किलोमीटर म्हणजे अडीच व तीन हजार फेऱ्यांच्या मधें कोठें तरी. मग एक वही घातली, व महिनाभर ज्यानें गाडी नेली त्यानें परत आल्यावर किती वेळ कोणत्या गतीनें गेला तें अंदाजानें टिपावें, असा नियम केला. आमचें पान पाहतां दोन हजारांच्या खालीं आम्ही क्वचित् उतरलों, आणि साडेतीन हजारांच्या वर जवळजवळ गेलोंच नाहीं. चिरंजीवांचें पान आमच्याहून पांचशें फेऱ्यांनीं वर सरकलेलें होतें, परंतु चार हजारांच्या पलीकडे त्यांचेही प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आम्हांस वाटलें, वाद मिटला.

तो मिटला नाहीं. वही मिटून चिरंजीव म्हणाले, "बाबा, या वहींत गाडीनें काय करूं दिलें तेवढेंच आहे. चार हजारांच्या वर ही गाडी नुसती थरथरते, पुढें जात नाहीं. म्हणून तिथं कोणी जात नाहीं. रस्ता नसलेल्या गांवाला एस. टी. चे प्रवासी किती, हें मोजून रस्ता करायचा कीं नाहीं तें कसं ठरवणार?"

तीस वर्षें गणित शिकविणाऱ्या मनुष्यास हा आक्षेप हंसण्यावारीं नेतां येईना. जुन्या यंत्रावर घेतलेल्या मापांनीं नव्या यंत्राची गरज ठरविणें हें तर्कदृष्ट्या सदोषच आहे, आणि वृद्धांचा बहुतेक उपदेश याच जातीचा असतो. गाडी पुढें ज्या रस्त्यावर धांवणार तो रस्ता आमचा नव्हे, हेंही खरें होतें. तेव्हां वही बाजूस ठेवून दुसरा प्रश्न विचारणें भाग पडलें: चार हजारांच्या पलीकडला रस्ता बांधलाच, तर त्या बाजूचे पूल तो भार सोसतील काय?

याचें उत्तर मात्र मतावर अवलंबून नव्हतें. ९० मिलिमीटरांच्या खेपेस ५,५०० फेऱ्यांच्या गतीनें पिस्टनचा सरासरी वेग सेकंदास साडेसोळा मीटर होतो. ६,५०० स साडेएकोणीस. पिस्टन दोन्ही टोंकांस थांबवून परत फिरविण्याचा जो ताण कनेक्टिंग रॉडवर पडतो तो गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे या हजार फेऱ्यांत तो सुमारें चाळीस टक्क्यांनीं वाढला. आमच्या इंजिनांत रॉडचा क्रँकाकडील सांधा रोलरांचा नसून तरत्या बुशाचा आहे. वेळेवर तेल मिळालें तर तो वर्षानुवर्षें चालतो, परंतु तो अशा ताणासाठीं योजिलेलाच नव्हे. स्प्रिंगांचेंही तसेंच, गति वाढली कीं जुनी स्प्रिंग झडपेस फुगवट्याच्या उतारावरून वेळीं परत आणूं शकत नाहीं, आणि झडप अधांतरीं तरंगूं लागते. शिवाय गाडीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. आमचे मिस्त्री शाळेंत फारसे गेलेले नाहींत, पण त्यांनीं साऱ्या प्रश्नाचा सारांश एका वाक्यांत काढला: "सर, पळवायचं म्हनलं तर पळंल ओ; पन पोरगं रातच्याला एकटंच घाटात असंल, तवा रॉड गेला म्हंजी काय करायचं?" हें वाक्य ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं आंकड्यांची वाट न पाहतांच आपलें मत दिलें.

येथें कोणी म्हणेल कीं, आतां या साऱ्या खटाटोपाची गरजच उरलेली नाहीं. आणि नव्या गाड्यांपुरतें तें बव्हंशीं खरें आहे. यामाहाची आर-१५ गाडी २०१८ सालीं नव्या स्वरूपांत आपल्याकडे आली, तिच्यांत आंतल्या झडपांसाठीं दोन निरनिराळे फुगवटे आहेत; मिनिटास ७,४०० फेरे झाले कीं इंजिन सौम्य सोडून आपण होऊन तेज पत्करतें. त्याच सालीं बी. एम. डब्ल्यू. नें आपल्या मोठ्या आडव्या इंजिनांत असाच दुहेरी कॅम आणला. चौकांत एक वेळापत्रक, महामार्गावर दुसरें, दोन्ही हातचीं. चिरंजीवांनीं अशी गाडी विकत घेतली तर आम्हांस आनंदच वाटेल. पण बिडाच्या बुलेटला एकच वेळापत्रक मिळतें, आणि तें आधींच ठरवावें लागतें. म्हणूनच तिच्या धन्यास आपल्या वाटेचा जो विचार करावा लागतो, तो नव्या गाडीच्या धन्यास करावा लागत नाहीं. यांत कोणाचें भाग्य थोर, हें आम्ही सांगूं शकत नाहीं.

अखेर मधली जोडी आली. तींत आंतली झडप पूर्वीपेक्षां थोडी अधिक उचलली जाते, आणि थोड्याच अंशांनीं उशिरां मिटते. चिरंजीवांनीं एक अट घातली व आम्हीं ती मान्य केली: तळचा सांधा उघडून तेथें रोलरांचा रॉड बसवावा, स्प्रिंगा नव्या घालाव्या, म्हणजे साडेचार हजारांपर्यंतचा रस्ता तरी निर्धास्त होईल. त्या खर्चापायीं यंदाची दिवाळीची सहल रहित झाली. बसवितांना पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळांतली रंगीत माती थापून इंजिन हातानें फिरविलें, आणि झडप व पिस्टन यांमध्यें जागा किती उरते तें मातीवरच्या ठशावरून मोजलें. फुगवट्यांस काळें वंगण चोपडलें. इंजिन प्रथम सुरू झालें तें संथ न ठेवतां दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटें चालविलें, कारण नवा कॅम व सपाट टॅपेट यांची एकमेकांशीं जुळणी त्या पहिल्या अर्ध्या तासांतच होते किंवा कायमची बिघडते. तेलही जुन्या पद्धतीचें, जस्ताचें प्रमाण पुरेसें असलेलें शोधून आणलें; कारण धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रास बाधा नको म्हणून आधुनिक मोटारींच्या तेलांत तें द्रव्य कमी केलेलें असतें.

परिणाम काय झाला तो जसाच्या तसा सांगतों. उभ्या गाडीचा ठोका पूर्वींइतका संथ राहिलेला नाहीं. कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित् आवळून तो थोडा जलद ठेवावा लागतो, आणि ऐकणाऱ्या कानास तें कळतें. पेट्रोल लिटरमागें दोनएक किलोमीटर अधिक लागतें. पसरणीच्या घाटांत पायथ्याच्या वळणांवर कांहीं फरक नाहीं. वरच्या टप्प्यांत, जेथें पूर्वीं तिसरा गिअर सोडून दुसरा घ्यावा लागे, तेथें ती आतां तिसऱ्यांतच चढते. चार हजारांवर थरथर आहे, पण त्या थरथरींतून गाडी पुढें जाते. चिरंजीवांस हें थोडें वाटतें, आम्हांस पुरेसें वाटतें, आणि मिस्त्रींच्या मतें दोघांसही जें वाटतें तें बरोबर आहे.

नोकरीचें पत्र आलें आहे. गांव दूरचें, रस्ता सपाट. गाडीच्या पेटींत पाने, प्लग व क्लचची जादा तार यांच्याबरोबर चिरंजीवांनीं ती वहीही ठेविली आहे. आमचीं पानें त्यांनीं फाडलीं नाहींत; त्यांच्यापुढें एक कोरें पान सोडून, त्याच्या मागल्या बाजूस नव्या गांवाचें नांव व रकाने आंखून ठेविले आहेत. त्यांतील शेवटचा रकाना साडेचार हजारांच्या पुढचा आहे.